पुढच्या साथीआधी आघाडीवरच्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आमदार-खासदारांकडे नेमके काय मागावे?

एका तालुक्यातील आशा, त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे सफाई कर्मचारी आणि आरोग्य केंद्रातील कंत्राटी कर्मचारी यांची संयुक्त कृती समिती आपल्या आमदारांना आणि खासदारांना निवेदन देणार आहे. कोविडच्या काळात जे सोसावे लागले ते पुढच्या साथीत पुन्हा वाट्याला येऊ नये, यासाठी लोकप्रतिनिधींकडे काय मागावे, कोणत्या कायद्यात बदल सुचवावा आणि निवेदनाची दखल घेतली जाईल असे काय करावे, असा समितीचा प्रश्न आहे. निवेदनाचा मसुदाही सोबत आला आहे. सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्यांचे नुकसानभरपाईचे दावे आणि संघटनांची निवेदने या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

आधी मसुद्याविषयी स्पष्ट बोलतो. मागण्या पुष्कळ आहेत आणि त्यांतील बऱ्याच एकमेकींना मारक आहेत. सन्मानपत्र, विशेष प्रोत्साहन भत्ता, दिवंगत सहकाऱ्यांचे स्मारक, सानुग्रह रकमेत वाढ, वारसांना नोकरी, नियमित वेतनश्रेणी हे सारे एकाच कागदावर आले की वाचणारा अधिकारी सर्वांत स्वस्त मागणी उचलतो आणि बाकीच्यांवर ‘धोरणात्मक बाब’ असा शेरा मारतो. वेतनश्रेणीची मागणी न्याय्य आहे, पण ती स्वतंत्र लढाई आहे आणि तिच्यासाठी स्वतंत्र निवेदन द्यावे. या निवेदनात एकच गोष्ट लावून धरावी, असे माझे मत आहे. साथीच्या कामातील संरक्षण शासन निर्णयाने नव्हे तर कायद्याने मिळावे, साथ नसताना मिळावे, आणि त्या कायद्यात तीन प्रश्नांची उत्तरे असावीत. संरक्षण कोणाला, संसर्ग कामामुळे झाला हे सिद्ध कोणी करायचे, आणि साधने पुरवण्याची जबाबदारी कोणाची?

शासन निर्णयावर मी इतका अविश्वास का दाखवतो, हे २०२० च्या घटनाक्रमावरून कळेल. केंद्र सरकारने २६ मार्च २०२० रोजी प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमा संरक्षण जाहीर केले. सुमारे २२ लाख कर्मचाऱ्यांसाठी असलेली ही योजना ३० मार्चपासून लागू झाली, पण तिची मुदत होती ९० दिवसांची. पुढे ती वेळोवेळी वाढवली गेली. आशा, कंत्राटी आणि रोजंदारीवरील आरोग्य कर्मचारी तिच्यात होते, ही जमेची बाजू. मात्र नाक्यावर उभा असलेला पोलीस, सर्वेक्षणाला जुंपलेला शिक्षक, गावात फवारणी करणारा ग्रामपंचायतीचा कर्मचारी किंवा स्वस्त धान्य वाटपावर देखरेख करणारा तलाठी यांच्यासाठी ती नव्हती. महाराष्ट्र शासनाने ही उणीव ओळखून २९ मे २०२० च्या शासन निर्णयाने सर्वेक्षण, शोध, चाचणी, प्रतिबंध, उपचार आणि मदतकार्यातील इतर कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांच्या साहाय्याची तरतूद केली. निर्णय चांगला होता. पण राज्यातील पहिले रुग्ण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सापडले होते आणि मेअखेरपर्यंत हे कर्मचारी या निर्णयाशिवायच काम करत होते. शिवाय या निर्णयालाही मुदत होती आणि मुदतवाढीचे आदेश निघेपर्यंत मधल्या काळातील मृत्यूंचे काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहत होता. ज्या संरक्षणाची तारीख संपू शकते, ते कर्मचाऱ्याने गृहीत धरून काम करावे अशी अपेक्षाच चुकीची आहे.

आमदारांना भेटल्यावर बहुधा पहिले उत्तर मिळेल ते असे, की साथरोग कायदा आहे, आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, केंद्राने २०२० मध्ये दुरुस्तीही केली, मग आणखी काय हवे? या प्रश्नाला समितीतील प्रत्येकाला उत्तर देता आले पाहिजे, म्हणून येथे थोडे थांबतो.

साथरोग अधिनियम, १८९७ हा मुंबईच्या प्लेगमध्ये जन्मलेला कायदा आहे. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. त्याचे चौथे कलम ‘संरक्षण’ देते खरे, पण ते सद्‌भावनेने केलेल्या कृतीबद्दल दावा किंवा खटला भरला जाण्यापासून. संसर्गापासून, हलाखीपासून किंवा मृत्यूनंतर कुटुंबाच्या होणाऱ्या वाताहतीपासून ते कोणाला वाचवत नाही. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेने संमत केलेल्या दुरुस्तीने आरोग्यसेवा कर्मचाऱ्यांवरील हिंसेसाठी कडक शिक्षा आणली. साध्या प्रकरणात तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाखांचा दंड, गंभीर दुखापत असल्यास सहा महिने ते सात वर्षे कैद आणि एक ते पाच लाखांचा दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तपास तीस दिवसांत पूर्ण व्हायचा आहे. या दुरुस्तीतील व्याख्येत सामुदायिक आरोग्य कर्मचारी, कायद्याखाली उपाययोजनेचे अधिकार दिलेली कोणतीही व्यक्ती आणि राज्य शासन राजपत्रात अधिसूचित करील अशी व्यक्ती येते. म्हणजे विलगीकरणाची नोंद करायला गेलेल्या ग्रामसेवकावर किंवा अंगणवाडी सेविकेवर कोणी हात उगारला, तर राज्य शासनाला केवळ एका अधिसूचनेने त्यांना या छत्राखाली आणता येते. ही मागणी निवेदनात अवश्य घ्या, कारण तिला पैसा लागत नाही आणि विधेयकही लागत नाही. पण हे कलम हल्ल्यापुरते आहे हे विसरू नका. साथीत कर्मचारी दगडाने मरतात त्यापेक्षा कितीतरी अधिक संसर्गाने मरतात, आणि कर्मचाऱ्याला होणाऱ्या संसर्गाविषयी १८९७ चा कायदा दुरुस्तीनंतरही अवाक्षर काढत नाही.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ ची कथा आणखी बोलकी आहे. त्याच्या कलम ५६ प्रमाणे, ज्या अधिकाऱ्यावर या कायद्याखाली कर्तव्य सोपवले आहे त्याने वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय किंवा अन्य कायदेशीर कारणाशिवाय ते नाकारले, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कोविडच्या काळात कामावर रुजू न होणाऱ्यांना काढलेल्या नोटिसांमध्ये या कायद्याचा हवाला सर्रास असे. त्याच कायद्यात, ज्याच्यावर कर्तव्य लादले त्याला मुखपट्टी, हातमोजे किंवा विश्रांती देण्याची सक्ती वरिष्ठांवर करणारे कलम शोधून पाहा, सापडणार नाही. कर्तव्याला तुरुंगाची धार आहे आणि सुरक्षिततेला साधी ओळही नाही. लोकप्रतिनिधींपुढे हे दोन मुद्दे शेजारी शेजारी ठेवावेत. पक्ष कोणताही असो, हा विरोधाभास ऐकून घेतला जातो, असा माझा अनुभव आहे.

यापुढचा मुद्दा फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून तो विस्ताराने मांडतो. देशातील चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये मालकाची कर्तव्ये चांगली सांगितली आहेत. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे, कर्मचाऱ्याला माहिती देणे, ठरलेल्या वर्गांची मोफत आरोग्य तपासणी करणे हे सारे तिच्यात आहे. आपल्याला तात्काळ आणि गंभीर धोका आहे अशी वाजवी भीती वाटल्यास कर्मचारी ती गोष्ट मालकाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणू शकतो, आणि मालकाने लगेच उपाय केला पाहिजे, असेही ती म्हणते. मात्र हीच संहिता सुरुवातीलाच सांगते की ती केंद्र शासनाच्या आणि राज्य शासनाच्या कार्यालयांना लागू होणार नाही. तेथे कंत्राटदारामार्फत लावलेल्या मजुरांपुरता अपवाद आहे. खासगी कारखान्याने कामगाराला धोक्यापासून जपावे असा कायदा करणाऱ्या शासनाने स्वतःच्या कार्यालयांना त्यातून वगळले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपकेंद्र हे ‘कार्यालय’ आहे की ‘आस्थापना’, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. अशी संदिग्धता एरवी वकिलांना सोयीची असते, पण साथ ऐन भरात असताना ती न्यायालयात नेऊन सोडवून घ्यायला कोणाकडेही वेळ नसतो. आणि आशा किंवा अंगणवाडी सेविका यांचे तर कामाचे ठिकाणच वस्तीतील शंभर उंबरठे, तेव्हा त्यांच्या बाबतीत ‘आस्थापना’ कोणती धरायची?

म्हणून खासदारांकडे पहिली मागणी ही करा, की शासकीय कार्यालयांना दिलेली ही सूट जाहीर झालेल्या साथीच्या काळात आणि संसर्गाच्या धोक्यापुरती संपुष्टात यावी, आणि शासनासाठी काम करणारी प्रत्येक व्यक्ती, मग तिला मिळणाऱ्या पैशाला वेतन म्हणा की मानधन, त्या काळापुरती कर्मचारी मानली जावी. ‘मानधनी आहात, कर्मचारी नाही’ हा युक्तिवाद आता पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन मगनभाई भारिया प्रकरणात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तो निकाल ग्रॅच्युइटीपुरता आहे, त्यातून सरसकट सरकारी नोकरीचा दर्जा निघत नाही, आणि तसे निवेदनात लिहिल्यास विधी विभाग पहिल्याच परिच्छेदावर आक्षेप घेईल. पण एका कल्याणकारी कायद्यासाठी न्यायालयाने मानधनाच्या पडद्याआड पाहिले, तर जीवितरक्षणाच्या कायद्यासाठी विधिमंडळाने का पाहू नये, एवढे विचारण्यास तो निकाल पुरेसा आधार देतो.

आता व्याख्येकडे येतो, कारण खरे भांडण तेथेच होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात पंचायत निवडणुका झाल्या. निवडणुकीच्या कामामुळे कोविड होऊन १,६२१ शिक्षक व शिक्षण विभागातील कर्मचारी दगावले, असा दावा तेथील प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने केला. शिक्षण विभागाने मे महिन्यात उत्तर दिले की असे मृत्यू तीनच आहेत. विभागाने आकडा दडवला होता असे नाही. त्याच्यापुढील नियमानुसार निवडणुकीचे कर्तव्य घरून निघाल्यापासून घरी परतेपर्यंतच होते आणि त्या वेळात मृत्यू आला तरच तो कर्तव्यावरील मृत्यू ठरत होता. अपघातासाठी लिहिलेला नियम विषाणूला लावला की असे होते, कारण विषाणू कामाच्या दिवशी शरीरात शिरतो आणि जीव दोन-तीन आठवड्यांनी घेतो. पुढे तेथील सरकारला निवडणूक कर्तव्यानंतर तीस दिवसांतील मृत्यू पात्र धरावे लागले. एका वाक्यातील बदलाने शेकडो कुटुंबे आत आली. तुमच्या निवेदनाला जोडण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

महाराष्ट्रातील तरतुदीतही रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या किंवा मृत्यूपूर्वीच्या चौदा दिवसांची अट होती आणि कर्मचारी त्या काळात कोविडच्या कर्तव्यावर होता असे प्रमाणपत्र लागत असे. खाली ती अट कशी राबवली गेली हे दावे हाताळणाऱ्यांना ठाऊक आहे. तोंडी आदेशाने नाक्यावर पाठवलेल्याचा लेखी आदेश नसे. हजेरीपट मूळ कार्यालयात आणि काम दुसऱ्याच तालुक्यात असे. एका दाव्यात तर कुटुंबाकडे मृताच्या मोबाइलमधील वरिष्ठांचे संदेश एवढाच पुरावा होता आणि संबंधित कार्यालयाने तो ‘अधिकृत पत्रव्यवहार नाही’ म्हणून बाजूला ठेवला. आदेश तोंडी देणाऱ्यानेच नंतर लेखी आदेश मागावा, यातील अन्याय कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. केंद्रालाही प्रमाणपत्रांचा हा गुंता मान्य करावा लागला. जून २०२१ मध्ये विमा योजनेची पद्धत बदलून जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र ग्राह्य धरण्याचे आणि त्यानंतर ४८ तासांत दावा निकाली काढण्याचे ठरले. अर्थात तोवर पहिली लाट ओसरून दुसरीचा कहर होऊन गेला होता.

तेव्हा व्याख्या पदनामांवर आधारू नका. पदांची यादी कितीही लांब केली तरी कोणीतरी सुटतेच, आणि जो सुटतो तो बहुधा सर्वांत कमी पगाराचा असतो. स्मशानभूमीतील कर्मचारी, शववाहिकेचा चालक, परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडणारे एसटीचे चालक-वाहक, पाणीपुरवठ्याचा कर्मचारी यांची आठवण यादी करणाऱ्याला होतेच असे नाही. व्याख्या कामावरून करा. ‘साथ जाहीर असलेल्या काळात, कोणत्याही शासकीय किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या लेखी अथवा तोंडी आदेशावरून, ज्या व्यक्तीला आपल्या कामात घराबाहेर इतरांच्या निकट संपर्कात यावे लागते, ती व्यक्ती, तिची नेमणूक नियमित, कंत्राटी, रोजंदारी किंवा मानधन यांपैकी कोणत्याही स्वरूपाची असली तरी’ अशा धाटणीचे वाक्य सुचवावे. त्यातील ‘अथवा तोंडी’ हे शब्द विधी विभागाला खुपतील. तेवढ्यासाठी अडून बसण्याची तयारी ठेवावी.

यालाच लागून दुसरी मागणी येते, ती गृहीतकाची, म्हणजे संसर्ग कामामुळेच झाला असे कायद्याने धरून चालण्याची. संसर्ग कुठे झाला हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. रुग्णालयात झाला, बाजारात झाला की घरात, याचा दाखला कोणतीही प्रयोगशाळा देणार नाही. म्हणून सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर, तो हरणार हे ठरलेले असते. कामगार कायद्याला ही अडचण नवी नाही. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी होती आणि तिच्या पहिल्या भागात, आरोग्य व प्रयोगशाळेच्या कामासारख्या विशेष धोक्याच्या कामांत जडलेले संसर्गजन्य रोग होते. असा रोग झाल्यास तो कामातून उद्‌भवलेल्या अपघाताची इजा मानला जाई, कुटुंबाला कार्यकारणभाव शोधत बसावे लागत नसे. त्या कायद्यात राज्य सरकारलाही तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊन कामांचे प्रकार वाढवण्याचा अधिकार होता. आता हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला आहे आणि अनुसूचीही तिच्यासोबत आली आहे. म्हणजे आपण नवे तत्त्व मागत नाही. परिचारिकेला जे गृहीतक शंभर वर्षांच्या कायद्याने दिले, ते साथीच्या काळात पोलीस, सफाई कर्मचारी, बसचालक आणि आशा यांना लागू करा, एवढेच म्हणत आहोत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये नेमके असेच गृहीतक पोलीस, अग्निशमन दल आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कायद्याने आणले. ती तरतूद २०२४ च्या सुरुवातीला संपली, पण तेथेही मालकाला ते खोडून काढण्याची मुभा होती, फक्त पुरावा मालकाने द्यायचा. आपल्याकडेही तेवढी मुभा शासनाला द्यावी. गृहीतक अखंडनीय हवे असा हट्ट धरला, तर वित्त विभाग संपूर्ण प्रस्तावच परत पाठवील.

साधनांच्या मागणीवर मला फार लिहायचे नाही, कारण ती सर्वांना समजते. फक्त ‘पुरेशी साधने द्यावीत’ असे मोघम लिहू नका. कोणत्या कामाला कोणते साधन, किती दिवसांनी बदलायचे, साठा तालुक्यात कोठे असेल आणि संपल्यास कोण जबाबदार, हे नियमांत असावे अशी मागणी करा. मापाचा मुद्दाही लिहा. मुखपट्टी चेहऱ्याला घट्ट बसली नाही तर तिचा दर्जा कितीही उत्तम असून उपयोग नाही, आणि आघाडीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य असताना मोठ्या मापाचे पोशाख सरसकट वाटले जातात.

काम नाकारण्याचा अधिकार मात्र नाजूक विषय आहे आणि समितीतच त्यावर मतभेद असतील. अत्यावश्यक सेवेतील माणसाने साथीत पाठ फिरवावी असे कोणीच म्हणणार नाही, आणि तसा सूर निवेदनात दिसला तर जनमत आपल्या विरोधात जाईल. शासनाच्या हाती मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतील संप रोखणारा राज्याचा कायदा आहे. २०१८ मध्ये तो अंगणवाडी सेविकांना लावल्यावर विधिमंडळात झालेल्या गदारोळानंतर सरकारला स्थगिती द्यावी लागली, हेही सर्वांना आठवत असेल. माझी सूचना अशी आहे की अधिकार सेवेचा नव्हे, तर विशिष्ट कृतीचा नाकार म्हणून मागा. नियमांत ठरवलेले साधन उपलब्ध नसेल तर ती विशिष्ट कृती साधन मिळेपर्यंत थांबवता येईल, कर्मचारी कामावर हजर राहील आणि त्याला दुसरे सुरक्षित काम दिले जाईल. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५६ मध्ये ‘अन्य कायदेशीर कारण’ हे शब्द आधीच आहेत. साधनांचा अभाव हे असे कारण आहे, एवढे स्पष्टीकरण त्या कलमाला जोडले तरी पुष्कळ साधेल. खासदारांना हेही सांगा की आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२२ मध्ये सुरक्षित आणि निरोगी कार्यपरिस्थितीला मूलभूत हक्कांत स्थान दिले आणि जून २०२५ मध्ये कामाच्या ठिकाणच्या जैविक धोक्यांविषयी स्वतंत्र करार, क्रमांक १९२ चा, मंजूर केला. तो मंजूर करणाऱ्या परिषदेत भारताचेही प्रतिनिधी मंडळ असते. या कराराच्या अनुसमर्थनाबाबत, म्हणजे तो देशाने स्वतःवर बंधनकारक मानण्याबाबत, सरकारची भूमिका काय, हा लोकसभेत विचारण्याजोगा सरळ प्रश्न आहे.

आजारपणातील उत्पन्नाबद्दल एक बाब सुटता कामा नये. नियमित कर्मचाऱ्याला विलगीकरणाच्या काळात रजेची काहीतरी सोय होते. आशांचे उत्पन्न मुख्यतः कामावर आधारित असल्यामुळे घरी बसावे लागले की मोबदला थांबतो. त्यामुळे लक्षणे लपवून काम करण्याचा मोह होतो आणि ते कर्मचाऱ्याइतकेच गावालाही धोक्याचे आहे. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत एका पथकाने दिवसाला सुमारे ५० घरे करावीत असे अपेक्षित होते. पथकातील एक जण बाधित असून मोबदल्यासाठी फिरत राहिला, तर ती मोहीमच संसर्गाची वाहक ठरते. विलगीकरणाच्या काळात आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीइतका मोबदला मिळावा ही मागणी म्हणूनच केवळ कल्याणाची नाही, ती रोगनियंत्रणाची आहे, आणि आमदारांपुढे ती तशीच मांडावी. त्यांच्या मतदारांच्या घरात कोण जाते, हे त्यांना लगेच समजते. जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा मासिक एक हजार रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता पदरात पडला. तो लढा मोठा होता, पण आजारी पडल्यावर काय, हा प्रश्न त्या तडजोडीत सुटला नाही.

‘पैसा कोठून आणायचा?’ असे विचारले जाईलच. शासनाने ५० लाखांचे साहाय्य एकदा देऊ केले आहे, म्हणजे रकमेचे तत्त्व मान्य झालेले आहे. आपण मागतो ती पूर्वनिश्चिती. स्वतंत्र साथरोग निधी स्थापून त्यात दरवर्षी थोडी तरतूद केली, तर ऐनवेळी पुरवणी मागण्यांवर विसंबावे लागत नाही. स्थानिक संस्थांचा हिस्सा किती असावा यावर वाद होतील, ते विभागावर सोडावे.

आता कोणाकडे काय मागायचे याविषयी. सार्वजनिक आरोग्य आणि राज्याच्या सेवा हे राज्यसूचीतील विषय आहेत, तर कामगार कल्याण, मालकाचे दायित्व, नुकसानभरपाई आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोगप्रसार रोखणे हे समवर्ती सूचीत येतात. म्हणून राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती, विलगीकरण रजा, निधी आणि हिंसाचाराबाबतची अधिसूचना हे आमदारांचे क्षेत्र. संहितांमधील सूट आणि आपत्ती कायद्याचे कलम ५६ हे खासदारांचे. राज्याला केंद्रीय कायद्याशी विसंगत तरतूद करायची असेल तर अनुच्छेद २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते आणि त्यात वर्षे जाऊ शकतात. म्हणून ज्या गोष्टी विसंगतीशिवाय साधतात त्या राज्यात आधी मागाव्यात. दोन निवेदने वेगळी करा. एकच निवेदन दोघांना दिले, तर आमदार केंद्राकडे बोट दाखवतात आणि खासदार राज्याकडे.

अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, मांडण्यास एखादे सदस्य तयार असतील तर स्वागत करा, पण ते संमत होईल अशी आशा धरू नका. एकत्रित निधीतून खर्च होणार असेल तर राज्यपालांची शिफारसही लागते. अशा विधेयकाचा खरा उपयोग मंत्र्यांना सभागृहात भूमिका घ्यायला लावणे हा असतो. त्याआधी तारांकित प्रश्नातून, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते अशा प्रश्नातून, माहिती काढून घ्या. कोविड कर्तव्यावरील किती मृत्यूंचे दावे आले, किती मंजूर झाले, किती कोणत्या कारणाने नाकारले, नाकारलेल्यांपैकी कंत्राटी आणि मानधनी किती. उत्तरातील आकडे पुढच्या प्रत्येक टप्प्यावर कामास येतात, कारण ते शासनाचेच असतात. मग तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना, आणि केंद्राच्या विषयांवर शिफारस करणारा अशासकीय ठराव. विधान परिषदेकडे दुर्लक्ष करू नका. तिच्या ७८ सदस्यांत सात शिक्षक मतदारसंघांतून आणि सात पदवीधर मतदारसंघांतून येतात. सर्वेक्षणाला आणि नाक्यांवर शिक्षक जुंपले गेले होते, त्यामुळे शिक्षक आमदारांना हा विषय परका नाही. आजवरच्या अनुभवावरून सांगतो, विधानसभेतील गोंगाटात जे बुडते ते परिषदेत नीट ऐकले जाते.

निवेदन दोन पानांचे असावे, कलमांच्या दुरुस्तीचा मसुदा स्वतंत्र परिशिष्टात असावा आणि नाकारलेल्या दाव्यांपैकी तीन-चार प्रकरणे कुटुंबांच्या लेखी संमतीने, नावे वगळून जोडावीत. ते अधिवेशनाच्या तोंडावर देऊ नका. प्रश्न आणि सूचनांसाठी आगाऊ मुदत असते, म्हणून हिवाळी अधिवेशनासाठी दिवाळीपूर्वीच भेटलेले बरे. प्रत संबंधित विभागाच्या कार्यासनालाही द्या आणि आवक क्रमांक घ्या, कारण मंत्र्यांचे उत्तर शेवटी तेथेच लिहिले जाते. सभागृहात मंत्र्यांनी ‘तपासून घेऊ’, ‘सकारात्मक विचार करू’ किंवा ‘समिती नेमू’ असे म्हटले, तर त्या दिवसाची छापील कार्यवाही मिळवा. असे उद्‌गार आश्वासन म्हणून नोंदले गेले आहेत का, हे विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे विचारता येते. नोंदले गेले असल्यास विभागाला त्याच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो. नसल्यास ज्या सदस्यांनी विषय मांडला त्यांच्याकडून आश्वासन समितीच्या अध्यक्षांना पत्र द्यावे आणि त्या पत्राची प्रत कृती समितीने स्वतःच्या दप्तरात ठेवावी.